रात्री आठचं स्वयंपाकघर

तोक्योत भाड्याचं घर घ्यायचं तर भाडं हा सगळ्यात लहान आकडा असतो. महिना ६० हजार येनची एक खोली पसंत पडली असं धरा. पहिल्या महिन्याचं भाडं द्यायचं. एक-दोन महिन्यांचं शिकीकिन, म्हणजे डिपॉझिट, भरायचं. घरमालकाला रेइकिन द्यायचं, ते कधीच परत मिळत नाही. वर एजंटचं एक महिन्याचं कमिशन, हमी घेणाऱ्या कंपनीची फी, आगीचा विमा, कुलूप बदलायचा खर्च. किल्ली हातात पडेपर्यंत भाड्याच्या पाच-सहा पट पैसे गेलेले असतात, आणि दार उघडून पाहावं तर छताला दिवाही नसतो. दिवा, पडदे, शेगडी, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं आपलं आपण आणायचं. निघतानाही सुटका नाही. २००१ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे जुना फ्रिज, टीव्ही, एसी किंवा वॉशिंग मशीन टाकून द्यायलाही पैसे मोजावे लागतात. बाकीचं मोठं सामान टाकायचं तर वॉर्ड ऑफिसला फोन करून तारीख घ्यायची, दुकानातून स्टिकर विकत आणायचे, ते चिकटवून सामान सकाळी बाहेर ठेवायचं.

दोन वर्षांचा करार करणाऱ्याला हे परवडतं. सहा महिन्यांसाठी आलेल्याला नाही. म्हणून तोक्योत फार पूर्वीपासून दुसरी एक दुनिया आहे. आधी तिला गायजिन हाऊस, म्हणजे परदेशी माणसांचं घर, म्हणत, मग गेस्ट हाऊस म्हणू लागले, आता शेअर हाऊस म्हणतात. थोडं डिपॉझिट, महिन्याचा करार, हमीदार नको, गादीपासून पातेल्यापर्यंत सगळं तिथंच. स्वयंपाकघर, शॉवर, संडास सामायिक. मी आधी विद्यार्थिनी म्हणून या घरांत राहिले. नंतर दुभाषी म्हणून नोकरी लागली, तेव्हा पुण्याहून तीन-तीन महिन्यांसाठी येणाऱ्या इंजिनिअरांना जागा शोधून देणं हा कामाचाच एक भाग झाला. त्या साऱ्या वर्षांत जे कळलं ते लिहायचं मनात होतं. आता तिकडे जाणारी मराठी मुलं-मुली पुष्कळ आहेत आणि घरची माणसं काळजीनं विचारत असतात.

मी २०१० च्या एप्रिलमध्ये गेले. पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि ताकादानोबाबा भागातल्या एका भाषाशाळेत प्रवेश मिळाला होता. तेव्हा एक येन म्हणजे साधारण अर्धा रुपया. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, आणि त्या वर्षी ऑक्टोबरपासून तोक्योतलं किमान वेतन तासाला ८२१ येन झालं. पूर्ण तास भरले तरी चार आठवड्यांचे ९२ हजार येन. स्वतंत्र खोली घेतली तर त्यातले निम्म्याहून जास्त नुसत्या छपरावर जाणार. म्हणून सुरुवात झाली ती ओकुबोच्या बाजूच्या एका घरात, चौघींच्या खोलीतल्या वरच्या बंकवर. महिना ३५ हजार, वीज-पाणी धरून.

त्या घराबद्दल माझी तक्रार नाही. ज्या वयात आणि ज्या पैशात मी तिथं होते, त्याला ते योग्य होतं. पण तिथं एक गोष्ट पक्की समजली. बंकवर माणूस झोपू शकतो, अभ्यासही करू शकतो, पण आजारी पडू शकत नाही. जूनमध्ये पावसाळा लागला, भिंतीला बुरशी धरली आणि मला आठवडाभर ताप येत राहिला. बाकीच्या तिघी चांगल्या होत्या. एकीनं पेज करून दिली, एकीनं औषध आणलं. तरी एकीचा गजर पहाटे पाचला, दुसरी बारमधल्या कामावरून रात्री दोनला यायची आणि तिसरी घरी फोनवर बोलत असायची. सगळ्यांनी आपापलं आयुष्य जगणं थांबवावं असं कोणाला म्हणणार? बंक स्वस्त असतो तो तब्येत ठणठणीत असेपर्यंत. येणाऱ्या मुलांना मी सांगते, पहिले दोन-तीन महिने बंक चालेल, पण त्यापुढे खोलीचं दार आपलं असू द्या, मग ती कितीही लहान असो.

दुसरं घर ओयामाला मिळालं. इकेबुकुरोहून तोबू तोजो लाइननं तिसरं स्टेशन, खाली हॅपी रोड नावाचा लांबलचक छप्पर असलेला बाजार, आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन मजली जुनं लाकडी घर. माझी खोली साडेचार ततामी चटयांची, म्हणजे सात चौरस मीटरच्या आसपास. भिंती इतक्या पातळ की शेजारची मुलगी पान उलटायची तेही ऐकू यायचं. शॉवर नाण्यावर चालायचा, १०० येन टाकले की काही मिनिटं पाणी. आठवड्यातून एकदा ४५० येन देऊन सेंतोत, सार्वजनिक स्नानगृहात, मनसोक्त गरम पाण्यात बसायचं ही चैन. या घरात मी सगळ्यात जास्त राहिले आणि घर कसं निवडावं हे मला इथंच कळलं.

जागा बघायला जाणारे सगळे खोली बघतात. खिडकी कुठे, कपाट किती, ऊन येतं का. खोलीबद्दल फसवणूक होत नाही, ती दोन मिनिटांत दिसते. खरं घर असतं ते सामायिक जागेत. दारातून आत शिरलं की गेनकान, बूट काढायची जागा. तिथले जोड मोजावेत. जाहिरातीत दहा रहिवासी लिहिलेले असतात आणि तिथं पंधरा माणसांची पादत्राणं असतात, तर खोल्यांत कोणीतरी कोणाला ठेवून घेतलेलं असतं. मग बर्नर किती, शॉवर किती आणि माणसं किती याचा हिशोब. दहा माणसांमागे दोन बर्नर असतील तर जेवण रात्री दहाला. वीज किती अँपिअरची हेही विचारावं. आमच्या ओयामाच्या घरी एकाच वेळी राइस कुकर, मायक्रोवेव्ह आणि वरच्या मजल्यावर कोणाचा हेअर ड्रायर चालू झाला की फ्यूज उडायचा आणि घरभर काळोख. थंडीत तर रोजच. अंधारात कोणीतरी हाक मारायचं, ड्रायर बंद करा!

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतीवरच्या सूचना. 'भांडी धुवा', 'दुसऱ्याचं दूध पिऊ नका', 'दार हळू लावा', असे कागद भिंतभर चिकटवलेलं घर मी शक्यतो टाळते. सूचना असणं वाईट नाही, कचऱ्याच्या वारांचा तक्ता तर लागतोच. जळणारा कचरा कोणत्या वारी, न जळणारा कोणत्या, बाटल्या-डबे कधी, हे चुकलं तर पिशवी तशीच राहते आणि शेजारी घरमालकाकडे जातात. पण जिथं दुधासाठी कागद लावावा लागतो तिथली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. नियम मोडले जातात म्हणून कागद लागतो आणि कागद लागला की तोंडानं सांगायचं उरतंच नाही.

म्हणून मी पुण्याच्या मुलांना सांगत आले, जागा दुपारी बघू नका, एजंट दुपारचीच वेळ देतो. रात्री आठला जा. तेव्हा सगळे कामावरून, शाळेतून परतलेले असतात, शेगड्या पेटलेल्या असतात. कोण कोणाला जागा करून देतं, सिंक कसं आहे, नवीन माणूस आत आला तर कोणी मान वर करून बघतं का, हे पंधरा मिनिटांत दिसतं. आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी एक सांगावं लागतं. पहिल्याच रात्री न सांगता हिंगाची फोडणी टाकू नका. आधी सांगा, पंखा लावा, खिडकी उघडा, आणि थोडं वाढून द्या. आमच्याकडे कोरियन मुलीची किमची आणि माझी फोडणी यांच्यावरून सुरुवातीला कुरबुर झाली ती अशाच एका वाटपात मिटली. नंतर ती स्वतःच जिऱ्याचा डबा मागायची.

ओयामाच्या घरात बहुतेक सगळे वर्षभरात निघून जाणारे होते. एक फ्रेंच चित्रकार, दोन कोरियन मुली, हॉटेलात काम करणारा नेपाळी मुलगा, तैवानची एक विद्यार्थिनी, मी. आणि खालच्या मजल्यावर साठीच्या जवळ आलेल्या एक जपानी बाई. सगळे त्यांना ओबासान, म्हणजे मावशी, म्हणत. जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात पहाटेची पाळी करायच्या. त्या तिथं कधीपासून राहतात ते कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मला सुरुवातीला नवल वाटायचं. स्वतःच्या देशात, स्वतःची भाषा बोलणारी बाई परदेशी पोरांच्या घरात का राहते? हळूहळू समजलं. एकटं, वय झालेलं, हमी घ्यायला कोणी नाही, मिळकत तासावर. अशा माणसाला तोक्योत सहजी घर मिळत नाही. घरमालकाला भीती वाटते की भाडं थकेल किंवा माणूस खोलीतच मरून पडेल. परदेशी माणसालाही असाच नकार मिळतो. जपानच्या न्यायखात्यानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. आम्हाला आणि ओबासानना एकाच छपराखाली आणलं होतं ते या नकारानं.

घर चालायचं ते त्यांच्यामुळे. संडासातला कागद संपला की कोणी आणायचा, गटारात अडकलेले केस कोणी काढायचे, नवीन आलेल्याला कचऱ्याचे वार कोणी समजावायचे, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. त्या करत आणि करताना आम्हाला हाक मारत. आम्ही पाहुणे होतो, त्या राहत होत्या. तेव्हापासून कुठलंही शेअर हाऊस बघताना मी हे एक नक्की विचारते, इथं सगळ्यात जुनं कोण आहे? सगळेच तीन महिन्यांचे असतील तर त्या घरात न जाणं बरं. निघून जाणारी माणसं वाईट नसतात, पण गळणारा नळ दुरुस्त करून घ्यायचा विचार त्यांच्या मनात येत नाही. अशा घराला एक तरी माणूस मुक्कामी लागतं.

११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी शिंजुकूत कामावर होते. जपानची तीव्रतेची मोजपट्टी सातपर्यंत जाते, तोक्योत त्या दिवशी पाच-अधिक नोंद झाली. इमारती डोळ्यांदेखत हलत होत्या. जेआर रेल्वेच्या गाड्या दिवसभरासाठी बंद झाल्या, मोबाइल लागेनात. सार्वजनिक फोन मोफत केले होते, त्यांच्यासमोर लांब रांगा. मी चालत निघाले. रस्त्यावर हजारो माणसं एकाच दिशेनं चाललेली, कोणी आरडाओरडा नाही, काही बायकांनी दुकानातून सपाट बूट विकत घेऊन टाचेचे हातात धरलेले. ओयामाला पोचले तेव्हा पूर्ण अंधार पडला होता.

घरी गॅस पेटत नव्हता. आम्ही सगळे घाबरलो, नळी फुटली असेल का? ओबासान टॉर्च घेऊन बाहेर आल्या आणि भिंतीवरच्या मीटरपाशी घेऊन गेल्या. तिथं तांबडा दिवा लुकलुकत होता. जोराचा भूकंप झाला की मीटर आपोआप गॅस तोडतो. आधी घरातली सगळी बटणं बंद आहेत ना ते बघायचं, मग मीटरवरचं बटण दाबायचं, तीन मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात मीटर स्वतः गळती तपासतो. त्यांनी प्रत्येकाला ते स्वतःच्या हातानं करून बघायला लावलं. मग गॅस सुरू झाला, भात शिजला, आणि त्या रात्री कोणीच आपापल्या खोलीत झोपलं नाही. सगळ्या गाद्या खालच्या खोलीत आल्या. हादरे येतच होते. मी पुण्याला फोन लावत राहिले, लागला तो पहाटे. आई रडत होती. मी तिला म्हटलं, "एकटी नाहीये गं, सात जण आहोत." हे वाक्य मी तिला समजवायला बोलले, पण ते शंभर टक्के खरं होतं. स्वतंत्र फ्लॅटमध्ये असते तर मीटरपर्यंत पोचले नसते.

पुढच्या दोन आठवड्यांत घर रिकामं झालं. फुकुशिमाच्या अणुप्रकल्पाच्या बातम्या, दूतावासांचे सल्ले, शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसबाहेर पुन्हा प्रवेशाचा परवाना काढायला रांगाच रांगा. फ्रेंच चित्रकार गेला, कोरियन मुली गेल्या. त्यांना दोष देणारे तेव्हा पुष्कळ होते, मी देत नाही. महिन्याच्या करारानं राहण्यात हेही असतं की जाण्याची मुभा आपण आधीच विकत घेतलेली असते. ज्यांना घरून रोज फोन येत होते त्यांनी ती वापरली. मी राहिले, कारण एप्रिलमध्ये सत्र सुरू व्हायचं होतं आणि तिकिटाला पैसे नव्हते. उरलो चौघे. २३ मार्चला नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडल्याचं जाहीर झालं, तान्ह्या बाळांना ते देऊ नका असं सांगितलं गेलं. आमच्यात बाळ नव्हतं, तरी नेपाळी मुलगा लांबून बाटल्या उचलून आणायचा आणि ओबासान त्यातली एक रोज शेजारच्या बाळंतिणीकडे पोचवायच्या.

पुढे मी नोकरीला लागले तेव्हा घर शोधण्याची दुसरी बाजू कळली. निशी-कासाई भागात आपली माणसं बरीच आहेत, तिथं वाणसामान मिळतं, देवदर्शन होतं, मुलांच्या शाळा आहेत. कुटुंबानं यायचं तर तो भाग चांगलाच. पण तीन महिन्यांसाठी एकटा आलेला मुलगा तिथं राहिला की तीन महिने मराठी-हिंदीच बोलतो, हे मी वारंवार पाहिलं. जे शेअर हाऊसमध्ये राहिले त्यांची जपानी भाषा शेगडीपाशी उभं राहून सुधारली. मला "ताई, भाषेचा क्लास लावून द्या" म्हणणाऱ्या एकाला मी क्लासऐवजी जागा बदलून दिली होती. परत जाताना तो मीटिंगमध्ये स्वतः बोलत होता.

स्वस्ताईला एक तळही असतो, त्याच्या खाली जाऊ नये. २०१३ मध्ये तोक्योत ऑफिसच्या जागांत प्लायवूडच्या भिंती घालून, खिडक्या नसलेल्या खुराड्यांत माणसं ठेवल्याची प्रकरणं वर्तमानपत्रांत गाजली. सरकारनं त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अशी घरं वसतिगृहाच्या नियमात धरली, म्हणजे आगीपासून संरक्षणाच्या अटी आल्या. माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी अशाच जागेत होती. तिला भेटायला गेले तर दिवसा दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि बाहेर पडायची वाट एकच, तीही सायकलींनी अडवलेली. तिला मी त्याच आठवड्यात माझ्या खोलीत आणलं. खिडकी उघडते का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि या पत्त्यावर वॉर्ड ऑफिसमध्ये नोंद करता येते का? या तिन्हींची उत्तरं 'हो' नसतील तर भाडं कितीही कमी असो, नको. नोंद राहायला आल्यापासून १४ दिवसांत करावी लागते आणि तिच्याशिवाय बँक खातं, फोन, आरोग्य विमा, सगळंच अडतं. काही आठवड्यांच्या भाड्यानं मिळणाऱ्या जागांत मालक नोंद करू देत नाहीत, हे आधीच विचारून घ्यावं.

ओयामाचं घर मालकानं जमिनीसकट विकलं. आम्हाला वेळेत कळवलं होतं. मी तोवर यूआर या सरकारी संस्थेचा फ्लॅट घेण्याइतकी कमवत होते. तिथं रेइकिन नाही, हमीदार नाही, एजंटचं कमिशन नाही, फक्त मिळकतीची अट असते. वर्षाहून जास्त राहणाऱ्यांना मी तोच मार्ग सांगते, कारण शेअर हाऊसमध्ये फार काळ राहिलं की माणूस दुसऱ्यांना निरोप देऊन थकतो. मी थकले होते. ओबासानचा प्रश्न अवघड होता. नुकतीच साठी पूर्ण झाल्यामुळे त्यांना तोक्यो महानगराच्या वसाहतीसाठी एकटीनं अर्ज करता येत होता, पण ती सोडत असते आणि नंबर पहिल्या फटक्यात लागत नाही. तोपर्यंत त्या कारखान्यातल्या मैत्रिणीकडे राहिल्या. अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरले, काही अर्जांनंतर नंबर लागला. सामान हलवायला त्या घरातली जुनी चार-पाच माणसं आली होती, नेपाळी मुलगा तर मालाची गाडी घेऊन. तो आता स्वतःचं हॉटेल चालवतो.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एका आईचा फोन आला. मुलगी ऑक्टोबरच्या सत्राला निघाली आहे, एका शेअर हाऊसमध्ये खोली पाहिली आहे, भाडं बरं वाटतं. बाईंनी भाड्याबद्दल फार विचारलं नाही. विचारलं ते हे, "ताई, तिथं कोण कोण राहतंय? कोणी मोठं माणूस हाय का घरात?" मी म्हटलं, हेच विचारायचं असतं. तुमच्या मुलीला सांगा, तिथल्या कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावायला सांग, तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेचार, आणि खोली दाखवू नका म्हणावं, स्वयंपाकघर दाखवा. बाई म्हणाल्या, "मग उद्या साडेचारला तुम्ही पण बसा आमच्या संगं. मला त्यांचं बोलणं कळायचं न्हाई, पण सिंक तरी बघंन."